हमीदाखालाचा राग

ताटातलं अन्न थंड होताना दिसलं की हमीदाखाला ते ताट उचलून घेऊन जायची. समोर कोण बसलंय, किती मोठं माणूस आहे, हे ती बघत नसे. माझी आणि तिची पहिली भेट अशीच झाली. ताट माझं नव्हतं, शेजारच्या टेबलावर बसलेल्या मुंबईच्या एका जोडप्याचं होतं. गरम घावने येऊन त्यांच्यासमोर बराच वेळ पडले होते आणि ती दोघं ताट कधी खिडकीच्या उजेडात, कधी पितळेच्या तांब्याशेजारी ठेवून फोटो काढत होती. स्वयंपाकघराचं दार ढकलून एक जाडजूड बाई बाहेर आली. साडीचा पदर डोक्यावरून घेऊन घट्ट खोचलेला, मनगटापर्यंत पीठ. तिनं सरळ ताट उचललं.

"झाला ना फोटू? मग फोटूच खा आता. हे गेलं कामातून. दुसरं आनते, ते मातर तोंडात घालायचं."

मुलगी हसायला लागली. मुलगा मॅनेजरला शोधायला उठला. मी माझ्या ताटातला उरलेला घावन भराभर संपवला. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तू बरी हायस." आमची ओळख एवढ्यावर झाली.

त्या दिवसांत मी त्या हॉटेलात राहते याचाच मला राग यायचा. कर्जत माझं गाव. बाजारपेठेत आमचं घर होतं, खाली वडिलांचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान. वडील गेले, घर विकलं गेलं, मी नाशिकला स्थायिक झाले. आईला विसरण्याचा आजार जडला तेव्हा पळसदरीच्या पुढे, खोपोलीच्या वाटेवर एका वृद्धाश्रमात तिची सोय झाली. नाशिकला माझ्याकडे तिला करमेना. डोंगर दिसत नाहीत म्हणून ती रोज रडायची. मग मी दर महिन्याला तिला भेटायला यायचे आणि स्वतःच्याच गावात पाहुणी म्हणून उतरायचे.

हॉटेलचं नाव लिहिणार नाही, त्याला फुकटची जाहिरात कशाला. जुन्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, जिथं पूर्वी भाताची गोदामं होती, तिथं हे छोटंसं, देखणं, महागडं हॉटेल उभं राहिलं होतं. मोजक्या खोल्या, प्रत्येक खोलीला तांदळाचं नाव. मी बहुतेक 'आंबेमोहर'मध्ये असायचे. आमच्या भागात पिकणाऱ्या तांदळांची नावं मालकाला पुरेशी गोड वाटली नसावीत. शनिवार-रविवारी पाहुण्यांना 'ऐतिहासिक गावठाणा'ची फेरी घडवत. आमच्या जुन्या घराच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. तिथं थांबून तो वाटाड्या सांगायचा की इथे पूर्वी मसाल्यांची पेठ भरत असे. मी एकदा म्हटलं, "इथे छत्र्यांच्या काड्या बसवून मिळत." त्याला ते आवडलं नाही.

हॉटेल चालायचं ते हमीदाखालाच्या जेवणावर. ती खालापूरकडच्या एका खेड्यातली, लग्न होऊन कर्जतला आलेली. नवऱ्याचा टेंपो होता. तो वारल्यावर तिनं घरातून डबे दिले, लग्नाच्या पंगती रांधल्या, आणि हॉटेल निघालं तेव्हा मालक स्वतः तिच्या दारात येऊन तिला घेऊन गेला. तिच्या हाताखाली डोंगरातल्या ठाकरवाडीवरच्या दोघी बायका होत्या, बुधी आणि जनी. त्यांना तिनंच कामाला लावून घेतलं होतं. हॉटेलच्या कोणा माणसानं त्यांना 'ए' म्हणून हाक मारली की आतून खालाचा आवाज यायचा, "नाव हाय तिला! आईबापानं ठेवलंय!"

सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. मीही म्हणू लागले, पण 'तुम्ही' करून. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला तिनं मला झापलं. "तुमी तुमी काय लावलंय गं? खालाला कोन तुमी म्हनतं? बँकेत आलीयस काय?" तेव्हापासून ती 'तू' झाली.

चिडणं हा तिचा स्वभाव होता, आणि त्यात आडपडदा नव्हता. पाणी न पिता उन्हातून आलेल्या माणसावर ती चिडायची, अर्धी भाकरी टाकणाऱ्यावर चिडायची, आजारी असून कामावर आलेल्या बुधीवर तर इतकी चिडायची की बुधीला घरी जाण्यावाचून गत्यंतर नसे. "खाला, आम्ही सांभाळून घेतो," असं कोणी म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "का? मी काय मेले हाय का?"

एकदा आश्रमातून परतल्यावर मी जेवायला बसले आणि मला जेववेना. आई काहीच खात नव्हती. चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून घ्यायची. खाला समोर येऊन उभी राहिली.

"काय देतात तिला तिथं?"

"मऊ खिचडी. पचायला हलकी."

"रोज?"

"रोज."

"मग कशाला खाईल ती? शिक्षा वाटत असंल तिला." आणि पुढे, "तुजी आई मला ठाऊक हाय. छत्रीवाल्याची बायको. दुकानाच्या पायरीवर बसून येनाऱ्या-जानाऱ्याशी भांडायची. तिला खिचडी घालतात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या हातात डबा ठेवला. वालाचं बिरडं, तिखट बेताचं, आणि तांदळाची पातळ भाकरी. आईनं वास घेतला. मी घास भरवायला गेले तर माझा हात बाजूला सारून तिनं स्वतः भाकरी मोडली. अर्धा डबा संपल्यावर म्हणाली, "मीठ कमी आहे."

कित्येक महिन्यांत आईनं कशाबद्दल तक्रार केली नव्हती. मी संध्याकाळी खालाला हे सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती भडकली. "मीठ कमी? माज्या बिरड्यात? जीभ गेलीय म्हातारीची! सांग तिला जाऊन!" पुढच्या खेपेच्या डब्याबरोबर हा निरोप गेला. आईनं तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाली, "तिला म्हणावं, आधी वाल नीट सोलायला शीक." हे मी खालाला सांगितलं तेव्हा ती कढईवरून मागे वळली आणि तिचं तोंड हसण्यानं भरून गेलं. "भांडते ना? मग जगंल," ती म्हणाली. त्यानंतर दर महिन्याला या दोघी माझ्यामार्फत भांडत राहिल्या.

मालकाचं नाव निखिल. मुंबईचा, चाळिशीचा, अंगभर सुती कपडे घालणारा. त्यानं कोणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. हे मी त्याच्या कौतुकासाठी सांगत नाही.

एका आडदिवशी दुपारी मी जेवणाच्या दालनात चहा घेत बसले होते. दोन माणसं समोरच्या भिंतीवर एक मोठी तसबीर टांगत होती. नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली, सुरकुत्यांतून गोड हसणारी एक म्हातारी, आणि तसबिरीला चंदनाचा हार. खाली सुंदर अक्षरांत लिहिलं होतं, 'आजीची चूल'. निखिल हात बांधून कोन बघत होता. खाला पदराला हात पुसत बाहेर आली.

"ही कोन?"

"आजी," निखिल म्हणाला.

"कोनाची आजी?"

"कोणाची म्हणजे... आपली. सगळ्यांची. खाला, ही एक कल्पना आहे. पाहुण्यांना आजीच्या हातचं जेवल्यासारखं वाटलं पाहिजे."

"मेली का जिती हाय?"

"काय?"

"हार घातलायस म्हनून इचारते."

हार काढायला सांगून निखिल म्हणाला, "अजून एक. पाहुणे जेवत असतील तेव्हा तुम्ही आता बाहेर येऊ नका. वाढायला आपण एक बाई ठेवतोय, आजीच्या वेषात. स्वयंपाक तुमचाच. तुमच्याशिवाय आहे कोण? फक्त सगळं जुळून आलं पाहिजे."

"कशाशी?"

निखिलनं मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"म्हंजे माजे हात चालतात," खाला म्हणाली, "नाव चालत नाय."

"असं नाही हो खाला. मी स्वतः असलं काही मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण लोक..."

"लोक रोज जेवतात. हमीदानं रांधलं म्हनून कोन उठून गेला? एकाचं नाव सांग."

 निखिल हळुवार आवाजात बोलत राहिला. बाजार, स्पर्धा, वातावरण, समजून घ्या. ओरडला असता तर मी त्याला तिथंच उलट सुनावलं असतं. पण तो इतक्या सभ्यपणे एका बाईला तिच्याच जेवणातून पुसून टाकत होता की भांडण कुठून काढावं तेच कळेना. मी म्हटलं, "निखिल, ही चोरी आहे." तो हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता."

मी खालाच्या मागोमाग आत गेले. ती पातेल्यातला भात इतक्या जोरानं ढवळत होती की शितं बाहेर उडत होती. मी म्हटलं, "सोड हे काम. आत्ता सोड."

"आनि ह्या दोघी?" तिनं मान बुधी-जनीकडे वळवली. "मी गेले तर उद्या ह्यांना काढंल. वीटभट्टीवर जातील परत." मग भाताकडे बघत म्हणाली, "राग तर असा येतो ना गं, भिंतीला डोकं आपटावं. पन डोकं माजंच फुटंल."

पुढच्या महिन्यात आजी कामावर रुजू झाली होती. तिचं नाव मंदा. दहिवलीची, पन्नाशीची. खोपोलीकडे एका कारखान्यात डबे भरायचं काम करायची, तो कारखाना बंद पडला. तिला नऊवारी नेसवून, नाकात भली मोठी नथ घालून दालनाच्या कोपऱ्यात एका सारवलेल्या चुलीपुढे बसवत. चुलीत जाळ नसायचा, धुरानं भिंती काळ्या होतील म्हणून. मंदा नुसतीच पिठाचा गोळा थापत बसायची आणि पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढायचे.

मला वाटलं होतं, खाला तिला उभं करणार नाही. पहिल्या दिवशी मंदा स्वयंपाकघरात आली तेव्हा खालानं तिच्याकडे पाठ केली, असं जनी सांगत होती. मंदा दाराशीच उभी राहिली. खूप वेळानं खाला न वळता म्हणाली, "नथ टोचते का गं?"

"टोचते," मंदा म्हणाली.

"मग इथं काढून ठेव. बस. जेव आदी. तुज्यावर नाय राग माजा."

मंदा मला नंतर म्हणाली, "ताई, त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घास उतरत नव्हता खाली."

असे काही महिने गेले. पुढे एका रविवारी मी तिथंच जेवत होते. दालन भरलं होतं. मधल्या मोठ्या टेबलावर एक कुटुंब आजोबांचा वाढदिवस साजरा करायला आलं होतं. आजोबा जेवणावर खूश होते, बिरडं दोनदा मागून घेतलं आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. त्यांची नात कॉलेजातली असावी. ती मोबाईल घेऊन मंदापाशी आली. "आजी, बिरड्याची कृती सांगा ना. आमच्या आजोबांना इतकं आवडलंय."

मंदा गोळा थापायची थांबली. निखिल कोपऱ्यातून पुढे सरकला. "आजी जरा लाजतात," तो म्हणाला.

"सांगा ना आजी, वाल किती वेळ भिजवायचे?"

मंदानं हातातला गोळा परातीत टाकला. "मला बिरडं नाय येत, बाय," ती म्हणाली. "मी कदी केलेलं नाय. ज्यांनी केलंय त्या आत हायत." आणि निखिल काही बोलायच्या आत ती उठली, आत गेली आणि खालाला हाताला धरून बाहेर घेऊन आली. "ह्या. हमीदाखाला. सगळं ह्याच करतात."

खाला संकोचली होती. मी तिला संकोचलेलं तेव्हा एकदाच पाहिलं. नातीनं हसून नमस्कार केला. आजोबांनी मात्र वाटी खाली ठेवली. खालाच्या डोक्यावरच्या पदराकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"म्हणजे हे मुसलमान बाईच्या हातचं आहे?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण दालनात सगळ्यांना ऐकू गेला. त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"दोनदा मागून घेतलंत की, दादा," खाला म्हणाली. "तिसऱ्यांदा काय झालं?"

तिथं निखिल पुढे आला. मला अजून तो आवाज आठवतो, मऊ, नम्र. "काका, गैरसमज होतोय. खाला फक्त भांडीकुंडी, वरकाम बघतात. स्वयंपाक आमच्या आजीच करतात. शुद्ध घरगुती. आजी आज जरा गोंधळल्यात."

 मला वाटलं, आता खाला ओरडेल. मी उठले आणि म्हटलं, "खोटं बोलतोय हा. मी इतकी वर्षं ह्यांच्याच हातचं जेवतेय."  कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सगळे खालाकडे बघत होते.

तिनं कमरेचा एप्रन सोडला, घडी केली आणि त्या थंड चुलीवर ठेवला. मग ती माझ्या टेबलापाशी आली, खुर्ची ओढली आणि बसली. त्या दालनात ती कधीच बसली नव्हती.

"मंदा," ती म्हणाली, "मला वाढ गं. गरम आन."

मंदानं नथ काढून कमरेला खोचली आणि वाढलं. बिरडं, भात, भाकरी, वर लिंबाची फोड. खाला जेवायला लागली. सावकाश, नीट, प्रत्येक घास चावून.  निखिल तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "खाला, आपण ऑफिसमध्ये बसून बोलू या."

"जेवताना मी बोलत नाय," ती म्हणाली.

आजोबांचं कुटुंब एकेक करून उठलं. नात उठली नाही. मान खाली घालून तिनं ताटातलं सगळं संपवलं आणि मगच बाहेर गेली. खालानं जेवण झाल्यावर हात धुतले, आत जाऊन बुधी-जनीला काहीतरी सांगितलं, चपला घातल्या आणि पाहुण्यांच्या दारानं बाहेर पडली. मंदा तिच्या मागून गेली, नऊवारीतच. त्याच दुपारी मी खोली सोडली.

बुधी-जनीला तिनं काय सांगितलं ते पुढे कळलं, "तुमी थांबा. तुमचा पगार तुमी सोडू नका." त्या थांबल्या, पण निखिलनं पंधरवड्यात दोघींना काढलंच. मंदाला तर त्याच दिवशी.  मग खालानं पुन्हा पंगतींची कामं धरली, आणि ज्या लग्नात ती जाई तिथं या तिघी तिच्याबरोबर असत. थाटामाटाचं काही नव्हतं. कधी काम असे, कधी आठवडेच्या आठवडे नसे.

पुढच्या खेपेला आश्रमात पोचले तर आईच्या खोलीतून भांडणाचा आवाज येत होता. खाला रिक्षा करून आली होती. हातात डबा, आणि आई तिला सांगत होती की वालाला मोड नीट आलेले नाहीत. खाला कमरेवर हात ठेवून ऐकत होती. आईला ती कोण हे कळत नव्हतं, पण तिच्याशी भांडायचं असतं हे ठाऊक होतं. आई गेली त्या पावसाळ्यापर्यंत खाला जमेल तेव्हा येत राहिली. आईला शेवटचा घास तिनं भरवला, मी वाटेत होते.

नंतर खालाचे गुडघे गेले आणि मुलीनं तिला शेलूला आपल्या फ्लॅटवर नेलं. मी तिला तिथं भेटायला गेले. चौथा मजला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. ती बारीक झाली होती. इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, "निखिलचा राग गेला का गं, खाला?"

"का जाईल?"

"नाही, म्हणजे इतके दिवस झाले. माफ केलंस का त्याला?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी ताट थंड करून बसले होते. "त्यानं मागितली कुठं माफी? मागायला आला असता तर बघितलं असतं. चहा पाजला असता. आला नाय तो. मग मीच आपली हितं बसून माफ करू, तेला न इचारता? माजा राग हाय तो. मी ठेवलाय." आणि लगेच, "जेवलीस का नाय?"

गेल्या हिवाळ्यात ती गेली. मातीला माणसं बरीच होती. मंदा, बुधी, जनी घरात भिंतीशी एकमेकींना धरून बसल्या होत्या. भेटायला आलेले लोक म्हणत होते, मनानं फार मोठी बाई, कोणाबद्दल मनात काही ठेवलं नाही. असं बोलायची रीत असते. मी त्या तिघींशेजारी जाऊन बसले.

नाशिकला परतल्यावर दोन दिवसांनी निखिलचा मेसेज आला. 'आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं. खाला आमच्या कुटुंबातल्याच होत्या. त्यांच्या मनात आमच्याबद्दल नेहमी मायाच होती, हे समाधान आहे.' खाली हात जोडल्याची चिन्हं.

मी बराच वेळ लिहीत आणि पुसत बसले. शेवटी एवढंच पाठवलं: 'कुटुंबातल्या नव्हत्या, तुमच्याकडे कामाला होत्या. आणि खालानं तुम्हाला माफ केलेलं नाही. मी तिला विचारलं होतं.'